भूत कोकणात, भय वऱ्हाडात

अमरावती (विशेष प्रतिनिधी) : मराठी मातीतल्या भुताला २०२४ साली जेवढा भाव मिळाला, तेवढा तो यापूर्वी क्वचितच मिळाला असेल. त्या वर्षी जूनमध्ये आलेल्या 'मुंज्या'ने कोणताही मोठा तारा सोबत नसताना देशांतर्गत उत्पन्नाचा १०० कोटींचा टप्पा ओलांडला. सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा प्रदर्शित झाला आणि २०१८ साली पहिल्या खेपेला जे जमले नव्हते ते त्याने साधले. पुनर्प्रदर्शनाचे उत्पन्न मूळ उत्पन्नाच्या पुढे गेले. त्याआधी 'लपाछपी' या २०१७ च्या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार 'छोरी' या नावाने २०२१ मध्ये आला होता. त्याचा दुसरा भागही एप्रिल २०२५ मध्ये येऊन गेला. पिंपळावरचा मुंजा, पडका वाडा आणि आजीच्या गोष्टी यांना चित्रपटसृष्टीत चांगले दिवस आले आहेत, यात शंका नाही.

अमरावती-अकोल्यातून या यादीकडे पाहिले की मात्र एक बाब खटकते. त्यात वऱ्हाड कोठेही नाही. 'मुंज्या' कोकणातला. 'तुंबाड'चे नावच श्री. ना. पेंडसे यांच्या कोकणातील कादंबरीवरून घेतलेले. २०१६ मध्ये घरोघरी पाहिली गेलेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिकाही कोकणातली. 'लपाछपी'त उसाचे फड आहेत आणि ऊस काही वऱ्हाडचे पीक नव्हे. मराठी भुताचा पत्ता जणू सह्याद्रीच्या पलीकडे कायमचा नोंदवला गेला आहे. वऱ्हाडी माणूस पडद्यावर येतो तो बोलीवरून हशा पिकवायला, नाही तर गळ्याला दोर लावायला. या दोहोंच्या मध्ये जे काही आहे, त्याची चित्रपटाने फारशी दखल घेतलेली नाही.

यात गंमत अशी की, चित्रपटाचा धंदा वऱ्हाडाला नवा नाही. चित्रपट व्यवसायाने देशाचे जे विभाग पाडले, त्यातला एक 'सी. पी. बेरार' याच नावाने आजही ओळखला जातो आणि अमरावती हे त्याचे वितरणाचे जुने केंद्र. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला, १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पण वितरकांच्या हिशेबात इंग्रजांचा तो प्रांत अद्याप जिवंत आहे. ज्या गावाने इतकी वर्षे दुसऱ्यांची भुते गावोगावच्या पडद्यावर पोचवली, त्या गावाच्या स्वतःच्या भयाची गोष्ट सांगायला कोणी पुढे आले नाही.

कोकणापाशी धो धो पाऊस, गर्द झाडी आणि चिऱ्याची जुनी घरे आहेत, वऱ्हाडात काय आहे, असा प्रश्न यावर विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, म्हणजे इंग्लंडला जावे लागेल. (लक्ष्मण देशपांडे यांच्या एकपात्री प्रयोगातून लंडनला निघालेले वऱ्हाड लग्नाचे होते, आपले नव्हे. तेव्हा ही आपली पहिलीच फेरी समजावी.)

सन १९६८ ते १९७३ या पाच-सहा वर्षांत ब्रिटनमध्ये तीन भयपट निघाले. मायकेल रीव्ह्ज याचा 'विचफाइंडर जनरल' १९६८ चा, पीअर्स हॅगार्ड यांचा 'ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' १९७१ चा आणि रॉबिन हार्डी यांचा 'द विकर मॅन' १९७३ चा. तिन्ही कमी खर्चाचे. पहिल्या दोहोंचा खर्च एक लाख पौंडांच्याही आत होता. तिसऱ्यात क्रिस्टोफर ली यांच्यासारख्या नामवंत नटाने मानधन न घेता काम केले. त्याची कथा वसंतातली, पण चित्रीकरण पानगळीच्या दिवसांत. तेव्हा झाडांना खोटा मोहोर चिकटवून वेळ मारून न्यावी लागली. तयार झाल्यावर वितरकाला तो इतका नकोसा झाला की दुसऱ्या चित्रपटाच्या जोडीला, खालच्या मानाने त्याला पडद्यावर आणले गेले. आज तो ब्रिटिश भयपटांत मानाच्या जागी आहे. या प्रकाराला लोककथेवर उभा राहिलेला भयपट या अर्थाचे नाव पुढे रूढ झाले. हॅगार्ड यांनी स्वतःच्या चित्रपटाबाबत ते २००४ मधील एका मुलाखतीत वापरले होते आणि बीबीसीच्या २०१० च्या मालिकेत मार्क गॅटिस यांनी या तीन चित्रपटांची मोट त्याच नावाखाली बांधली. आपण त्याला लोकभयपट म्हणू.

या चित्रपटांपाशी महागडे राक्षस नव्हते, कारण त्यासाठी पैसाच नव्हता. होते ते उघडे रान, जुनी खेडी, स्थानिक रूढी आणि इतिहासातले एखादे लाजिरवाणे पान. भर दुपारच्या उन्हातही भीती वाटू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. चाळीस वर्षांनी बेन व्हीटली या दिग्दर्शकाने 'अ फील्ड इन इंग्लंड' काढला तोही याच वाटेने. सतराव्या शतकातील यादवी युद्ध, एक शेत आणि मोजकी पात्रे. चित्रण कृष्णधवल, १२ दिवसांत पूर्ण. खर्च सुमारे तीन लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेतीन कोटी रुपयांच्या आसपास. गर्द झाडीविना, एका शेतात भयपट उभा राहू शकतो, याचा याहून वेगळा पुरावा नको. वऱ्हाडात दुसरे काही नसेल, वावर तर आहेच.

आणि वावराबरोबर बरेच काही आहे. डिसेंबरात माणसाच्या डोक्यावर गेलेली तूर रात्री वाट चुकवायला उसाइतकीच समर्थ असते. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखण्यासाठी धुऱ्यावर रात्ररात्र जागल करणारा शेतकरी हा चकव्याच्या गोष्टींचा मूळ श्रोता आणि मूळ सांगणाराही. चकवा लागला की माणूस पहाटेपर्यंत एकाच वावरात फिरत राहतो, अशी ही समजूत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्याच्या लायकीचे नसते. मूत्रपिंडाच्या विकारांनी तेथील घरेच्या घरे त्रासली आहेत. गावच्या पाण्यातच काही तरी आहे, ही भयकथेतली जुनी कल्पना येथे शासकीय अहवालांचा विषय झाली आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. सासुरवासाची दुःखे कोवळ्या आवाजांत हसत-खेळत सांगणारी ती गाणी नीट ऐकली तर अंगावर काटा येतो. 'द विकर मॅन'मधील लोकगीतसदृश संगीताचे आजही कौतुक होते. वऱ्हाडाला त्यासाठी संगीतकार शोधत बसण्याची गरज नाही.

मात्र सामग्री आहे म्हणून चित्रपट काढावा, इतके हे सोपे नाही. या प्रदेशात भुताचा चित्रपट काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो आणि त्याची कारणे मेळघाटात आहेत.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे 'मुंज्या'ने शंभर कोटी मिळवल्यानंतर सहा महिन्यांनी, चिखलदरा तालुक्यातील एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धेवर जादूटोण्याचा संशय घेण्यात आला. तिला बांधून मारहाण झाली, मूत्र पाजण्यात आले आणि तिची गावातून धिंड काढण्यात आली. प्रकार उघडकीस आला तो जानेवारी २०२५ मध्ये. त्यानंतर महिनाभरातच, फेब्रुवारीत, याच तालुक्यातील २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ डागण्या दिल्याची घटना पुढे आली. पोटफुगीवर उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाने डागण्याची ही प्रथा 'डंबा' या नावाने ओळखली जाते. ती आजची नाही आणि मेळघाटातील आरोग्य कर्मचाऱ्यांना अपरिचितही नाही.

या पार्श्वभूमीवर 'विचफाइंडर जनरल' पाहिला तर तो तीनशे मैलांवरचाही वाटत नाही. मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा इसम १६४४ ते १६४७ या काळात पूर्व इंग्लंडमध्ये चेटकिणी शोधत हिंडला. पार्लमेंटने त्याला असे कोणतेही पद दिले नव्हते. 'विचफाइंडर जनरल' ही पदवी त्याची त्यानेच घेतलेली. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलेले, न्यायव्यवस्था विस्कळीत झालेली आणि गावे त्याला या कामाचे पैसे मोजत होती. फासावर गेलेल्यांत बहुतांश गरीब, वयस्क, एकट्या बायका होत्या. ब्रँडेस्टन गावच्या एका वृद्ध धर्मगुरूलाही सुटका मिळाली नाही. रीव्ह्जने या चित्रपटात भूत दाखवले नाही, सैतान दाखवला नाही, एकही मंत्र खरा ठरवला नाही. त्यात भय आहे ते आरोप करणाऱ्याचे आणि तमाशा पाहायला जमलेल्या गर्दीचे. हा दिग्दर्शक १९६९ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी मरण पावला, पण विवेकवादी भयपट कसा असतो याचा वस्तुपाठ ठेवून गेला.

उलट 'ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' पाहावा. तोही टायगॉन या त्याच कंपनीचा, त्याच सुमाराचा. नांगराच्या फाळाला जमिनीतून एक विचित्र कवटी लागते आणि गावातली पोरे हळूहळू सैतानाच्या नादी लागतात. सुरुवातीचे ते नांगरटीचे दृश्य अप्रतिम आहे. काळ्या मातीत वाढलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. पण कथेत सैतान खरा आहे. म्हणून शेवटी तलवार घेऊन येणारा न्यायाधीश बरोबर ठरतो आणि पोरे दोषी. दोन चित्रपटांचा निर्माता एक, रानही सारखेच. परंतु एक पाहून प्रेक्षक संशयिताच्या बाजूने उभा राहतो आणि दुसरा पाहून संशय घेणाऱ्याच्या. ज्या तालुक्यात अद्याप बाईला चेटकीण ठरवून धिंड काढली जाते, तेथे हा फरक समीक्षकांच्या चर्चेपुरता उरत नाही.

ब्रिटनला ही चैन परवडते, कारण तेथे १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच रद्द केला. उलट जादूटोण्याचा दावा करणे शिक्षेस पात्र ठरवले. आपल्याकडे त्या धर्तीचा कायदा यायला २०१३ साल उजाडले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे पसरवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यातील एक गुन्हा. दोन कायद्यांमधील अंतर पावणेतीनशे वर्षांचे आहे. इंग्रज प्रेक्षक चेटकिणीच्या गोष्टीकडे इतिहास म्हणून पाहतो, आपल्याकडे ती प्रथम खबरी अहवालात नोंदवली जाते.

भूतपटांनी अंधश्रद्धेला खतपाणी घातले जाते, हा अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप म्हणूनच उडवून लावता येणार नाही. चित्रपटाच्या प्रारंभी 'अंधश्रद्धा पसरवण्याचा उद्देश नाही' अशी पाटी झळकते आणि पुढचे दोन तास भूत खरे असल्याचे दाखवले जाते. ही पाटी म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा आहे, ओढणारा ओढतोच. 'मुंज्या'त हशा आहे, कारागिरी आहे, पण पिंपळ खरोखरच झपाटलेला आहे. मुलांना घेऊन गेलेल्या पालकांनी त्याची मौज लुटली आणि त्यात काही गैर नाही. त्याला समाजप्रबोधनाची वही घेऊन तपासणे हा अरसिकपणा ठरेल. पण तोच साचा उचलून मेळघाटात आणला तर मात्र मौज संपते.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त भूत आहे, तरीही तो चित्रपट वेगळा. शहरातून पळून आलेल्या गरोदर बाईला उसाच्या फडातल्या एका घरात आसरा मिळतो. प्रेमळ, आग्रही घरधनीण उषा नाईक यांनी अशी काही रंगवली आहे की तिच्या हातच्या घासाचीही धास्ती वाटावी. तेथील पिशाच्चे मारणारी नाहीत, मारली गेलेली आहेत. मुलगी नको म्हणून जे झाले ते माणसांनी केले, याचा विसर चित्रपट पडू देत नाही. भूत दाखवूनही आरोपी माणसालाच ठरवता येते, हे कमी पैशांतल्या या मराठी चित्रपटाने सिद्ध केले. हिंदीने तो उचलला यात नवल नाही.

'द विकर मॅन'चा संबंध वऱ्हाडाशी याहून जवळचा आहे आणि तो नापिकीतून येतो. एका बेटावर हरवलेल्या मुलीच्या तपासाला एक पोलीस अधिकारी येतो. बेटावर पीक बुडालेले असते. गावकरी गाणी गातात, हसून बोलतात, अगत्य करतात आणि शेवटी पुढच्या हंगामासाठी त्या परक्या माणसाला जिवंत जाळतात. यातही दैवी असे काही घडत नाही. पीक पुन्हा येईल की नाही हे चित्रपट सांगत नाही. आपल्याकडे नापिकीचा बळी बाहेरून आणावा लागत नाही. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची शासकीय नोंद ठेवली जाते आणि तो आकडा २० हजारांच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. पऱ्हाटी छातीपर्यंत वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल. कोणत्याही भयपटाच्या दिग्दर्शकाला हे दृश्य रचून सुचले नसते.

सतीश मनवर यांनी २००९ मध्ये 'गाभ्रीचा पाऊस' काढला तेव्हा त्याला कोणी भयपट म्हटले नाही. पण त्यातील रचना काय आहे? शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे. आता आपला नवराही तेच करील या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते. मुलाला, सासूला त्याच्यामागे लावते. तो जरा दिसेनासा झाला की घराचा श्वास अडकतो. दोरी, विहीर, औषधाचा डबा, घरातली प्रत्येक साधी वस्तू संशयाची होते. वऱ्हाडातला लोकभयपट कसा असू शकेल, याचा नमुना शोधायचा तर तो या चित्रपटात सापडतो.

येथे आणखी एक धोका सांगितला पाहिजे. शहरातून जीपने आलेली चार तरुण मंडळी, जंगल, आदिवासींचा ढोल, अंगात आलेला भगत आणि मग किंकाळ्या, हा मेळघाटावरचा चित्रपट डोळ्यांपुढे सहज उभा राहतो. तो कोणी काढू नये. कोरकू समाज मेघनाथाची पूजा करतो, मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब उभारतो. बाहेरच्याला हे गूढ वाटते, त्यांना ते घरचे आहे. गावातला भुमका हा पिढ्यान्पिढ्यांचा उपचारक. त्याला खलनायक करणे सोपे आहे. परंतु आरोग्य यंत्रणेलाही कळून चुकले आहे की त्याला विश्वासात घेतल्याखेरीज रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचत नाही. डागण्या देणारा हात दाखवायचा तर पावसाळ्यातला रस्ता, रिकामे आरोग्य उपकेंद्र आणि डॉक्टरांची न भरलेली जागाही त्याच चौकटीत यावी लागेल. शिवाय जादूटोण्याचा संशय ही काही जंगलाची मक्तेदारी नव्हे. शिकल्या-सवरल्या शहरांतल्या फ्लॅटच्या दारांवरही लिंबू-मिरची लटकतेच.

वऱ्हाडापाशी यासाठी एक परंपरा आहे, जी कोकणातल्या भूतपटांना मिळालेली नाही. शेंडगावचे गाडगे महाराज आणि मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्याचे. दोघांनीही आयुष्यभर भूतखेत, नवस आणि बोकडबळी यांविरुद्ध लोकांना जागे केले. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे समोरच्या गर्दीला एकेक प्रश्न विचारून तिच्याच तोंडून उत्तर काढून घेणे. ठेट वऱ्हाडीत, हसवत आणि मध्येच चाबूक ओढत. राजदत्त यांच्या १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला'त डॉ. श्रीराम लागू यांनी ही शैली उभी केली होती. रात्रीची वेळ, कंदिलाचा उजेड, अंगात आलेली बाई, भेदरलेला गाव आणि प्रश्न विचारणारा एक माणूस. या प्रसंगात भयपटाला लागणारे सारे काही आहे. फक्त भीती ज्या दिशेने वळते ती दिशा निराळी आहे.

बाहेरून घेण्यात कमीपणा नाही, हेही नमूद केले पाहिजे. स्टीफन किंग यांच्या कथेवरून नारायण धारप यांनी 'आजी' लिहिली आणि तिची सावली 'तुंबाड'वर पडली. तो चित्रपट २०१८ मध्ये व्हेनिसला समीक्षक सप्ताहाच्या उद्घाटनाला दाखवला गेला, तेव्हा तो कोणाला उसना वाटला नाही; कारण वाडा, पाऊस, पीठ आणि हाव हे सारे येथले होते. तेव्हा रीव्ह्ज वा हार्डी यांच्याकडून रीत घेतली आणि माती धुऱ्यावरची वापरली तर बिघडत काही नाही.

राहता राहिला पैशाचा आणि पडद्याचा प्रश्न. राही अनिल बर्वे यांना 'तुंबाड' पडद्यावर आणायला चित्रीकरणाच्या आरंभापासून सहा वर्षे लागली. इतका धीर आणि इतके भांडवल वऱ्हाडातल्या नवख्या दिग्दर्शकाकडून अपेक्षित नाही. त्याने 'अ फील्ड इन इंग्लंड'चा हिशेब पाहावा. तो चित्रपट ५ जुलै २०१३ रोजी चित्रपटगृहे, दूरचित्रवाणी, डीव्हीडी आणि इंटरनेट अशा चारही मार्गांनी एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे आला. लहान चित्रपटाला चित्रपटगृहात दुसरा आठवडा मिळत नाही, हे गृहीत धरूनच ही आखणी झाली होती. जिल्ह्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून मिटत असताना ही आखणी अमरावतीच्या वितरकांनाही समजण्याजोगी आहे. बारा दिवसांचे चित्रीकरण, एक वावर, सात-आठ वऱ्हाडी बोलणारे नट. तूर उभी असते तोवर, म्हणजे जानेवारीच्या आत, ते उरकावे लागेल. सोंगणी झाली की पडद्यावर लपायला जागा उरत नाही.